शेळीनं खाल्लेला डोळ्यांचा तक्ता

नर्सिंगच्या शिक्षणात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी शीर शोधणं म्हणणार नाही. स्वतःला मार्क देणं सगळ्यात अवघड. प्रत्येक पोस्टिंग संपलं की आमच्या मॅडम एक छापील फॉर्म वाटायच्या. डाव्या बाजूला आपल्याला यायला हव्यात अशा गोष्टी, समोर एकेक चौकट. त्या चौकटीत दहापैकी किती ते आपणच लिहायचं. आठ लिहिले की मॅडम म्हणायच्या, "फार शहाणी झालीस?" पाच लिहिले की म्हणायच्या, "मग इतके दिवस तिथं काय करत होतीस?" त्यामुळे आमच्या बॅचनं, आणि आमच्या आधीच्या सगळ्या बॅचनीही, सात हा आकडा पक्का केला होता. संवाद सात, ड्रेसिंग सात, निरीक्षण सात, वेळेवर येणं सात. शेवटी 'माझ्यातली उणीव' असा रकाना असायचा. तिथं सगळ्याजणी एकच वाक्य लिहायच्या: मी रुग्णांची जरा जास्तच काळजी करते. मी एकदा प्रामाणिकपणे लिहिलं, 'मला राग लवकर येतो.' मॅडमनी ते खोडलं आणि म्हणाल्या, "असं लिहीत नसतात." मला लगेच राग आला.

गावातल्या पोस्टिंगला कॉलेजची बस आम्हाला नगरहून श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात नेऊन सोडायची. प्रत्येकीनं एक कुटुंब दत्तक घ्यायचं, म्हणजे त्या घरी जाऊन वजन, बीपी, डोळे, दात, पिण्याचं पाणी, संडास सगळं तपासायचं आणि घरच्यांना आरोग्य शिकवायचं. अडचण एवढीच होती की कॉलेज निघाल्यापासून प्रत्येक बॅच याच गावात येत होती. गावाला आरोग्य तोंडपाठ झालं होतं. पहिल्याच दिवशी मी मारुतीच्या पारावर हात कसे धुवावेत ते सांगायला उभी राहिले आणि मध्येच अडखळले, तर समोरच्या बायकांनी एका सुरात माझं पुढचं वाक्य म्हटलं. वर एकजण म्हणाली, "बाई, नखांचं राह्यलं की."

माझ्या वाट्याला आबांचं घर आलं. उसाच्या फडाला लागून पत्र्याचं घर, पुढे लांब ओसरी, अंगणात शेवग्याचं झाड, दोन म्हशी आणि एक शेळी. घरात माणसं तीन. आबा, सत्तरीच्या पुढचे, ताठ आणि टोपी कायम डोक्यावर. त्यांची बायको, जिला सगळा गाव माई म्हणायचा. आणि त्यांचा मुलगा, जो साखर कारखान्यात कामाला होता आणि गळीत हंगाम असल्यामुळे एकतर कारखान्यात असायचा नाहीतर झोपलेला. आबा दोन्ही वेळेला मोपेडला किटल्या अडकवून फाट्यावरच्या डेअरीला दूध घालायचे. गावात त्यांची गाडी निघाली की लोक आपणहून बाजूला व्हायचे. मला वाटलं, वयाला मान देतात.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून आबा म्हणाले, "आलीस व्हय? आजून पास झाली न्हाईस?"

मी म्हटलं, "मी पहिल्यांदाच आले, आबा."

"दरसाल आसंच म्हनतीस," ते म्हणाले. मी थट्टा समजून हसले.

आमच्या पिशवीचं एक शास्त्र होतं. ती थेट खाली ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी, मग साबण काढून हात धुवायचे, मगच इतर वस्तूंना हात. मी पिशवीची चेन ओढली मात्र, आबा बाजेवरून म्हणाले, "आधी पेपर पसर." मी पसरला. "आता साबन. मनगटापातुर धू." मी मनगटापर्यंत धुतले. इतक्या वर्षांत कुठल्याही सिस्टरनं माझ्यावर एवढं बारीक लक्ष ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी मी घराची पाहणी केली. पाणी झाकलेलं, संडास वापरात, चूल धुराची नाही. फक्त ओसरीच्या भिंतीवर कमरेच्या थोडं वर एक काळपट, तेलकट पट्टा होता, दारापासून थेट मोरीपर्यंत. मी वहीत लिहिलं, 'भिंती अस्वच्छ', आणि माईंना स्वच्छतेवर चांगलं खडसावून बोलले. माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

डोळे तपासायचा दिवस उजाडला. आमच्याकडे एक पुठ्ठ्याचा तक्ता होता, कुठल्यातरी जुन्या बॅचनं हातानं रंगवलेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यावर इंग्रजी 'ई' अक्षर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून काढलेलं, वर मोठं, खाली खाली बारीक होत गेलेलं. समोरच्यानं फक्त सांगायचं, अक्षराचे पाय वर आहेत, खाली आहेत, डावीकडे की उजवीकडे. प्रत्येक बॅच तो पुढच्या बॅचला वारसा म्हणून देऊन जायची.

मी तक्ता ओसरीच्या खिळ्याला लावला, अंतर मोजून आबांना अंगणातल्या बाजेवर बसवलं आणि वही घेऊन शेजारी बसले.

"एक डोळा झाका, आबा. वाचा."

"खाली," आबा म्हणाले. "वर. उजवीकडं. डावीकडं. वर. खाली, खाली, डावीकडं..."

अगदी झरझर, कुठे थांबणं नाही. मी वहीत मान खाली घालून बरोबरच्या खुणा करत गेले, कारण तक्त्याचा क्रम एव्हाना मलाही पाठ होता. मग दुसरा डोळा. तोही तसाच, एकही चूक नाही. मी लिहिलं, 'दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम.' खाली रेघ मारली.

तेवढ्यात आबांनी कान टवकारले. "पोरी, ती शेरडी काय खातीया गं?"

मी मान वर केली. भिंतीवर खिळा होता. खिळ्याखाली शेळी उभी होती. तिच्या तोंडातून तक्त्याची शेवटची ओळ बाहेर लोंबत होती, आणि ती ओळही मी बघता बघता आत गेली.

मी शेळीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग आबांकडे. ते अजून भिंतीकडे तोंड करून, एका डोळ्यावर हात ठेवून, पुढच्या हुकमाची वाट बघत बसले होते.

"आबा, तुम्ही कशावरचं वाचलंत?"

"कशावरचं म्हंजी? तक्त्यावरचं."

"तक्ता शेळीनं खाल्ला."

आबांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. "समदा?"

"सगळा."

"आरं देवा," आबा मनापासून हळहळले. "तुझी मॅडम आता रागवंल की गं."

मी उठून त्यांच्यासमोर दोन बोटं धरली. "आबा, ही बोटं किती?"

"मला काय ल्हान पोर समजतीस?"

"सांगा तरी."

"पाच."

"आबा!"

"हाताला पाचच आसत्यात," ते म्हणाले.

मग मी खाली वाकले आणि डोळे तपासायला आलेल्या मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांच्या मधोमध दुधावरच्या सायीसारखं पांढरं जमलं होतं. अंगणात उभं राहून कुणालाही दिसलं असतं. पण आम्ही सगळ्याजणी तक्त्याकडे आणि वहीकडे बघत होतो, त्यामुळे आजवर कुणाला ते दिसलं नव्हतं.

मोतीबिंदू. दोन्हीकडे, पिकलेला. आणि आबा तर उठून म्हणत होते, "माई, किटल्या आन गं. डेअरीची येळ झाली."

मी मोपेडचं हँडल धरलं. ते म्हणाले, सोड. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही. ते म्हणाले, उजेड दिसतो, माणूस हाय का म्हस हाय तेवढं बी कळतं, आनखी काय बघायचं आसतं? या ओढाताणीत कॉलेजची बस पारावरून निघून गेली. तिचा हॉर्न मला ऐकू आला, आबांना माझ्या आधी आला.

"गेली तुझी बस," ते म्हणाले. "बस मागं. फाट्यावर सोडतो."

मी बसले नसते तरी ते जाणारच होते. निदान गाडीवर दोन धड डोळे असावेत म्हणून मी मागे बसले. या निर्णयाला कुठल्या चौकटीत किती मार्क द्यायचे, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आबांची गाडी चालवायची पद्धत अशी होती की हॉर्नवरचं बोट काढायचंच नाही. गाव संपेपर्यंत माणसं, कोंबड्या, कुत्री रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकत होती, आणि आता मला कळलं की त्यात मान वगैरे काही नव्हता. आबा मात्र रंगात आले होते. "आता शाळंचा गतिरोधक," ते म्हणाले आणि तो आला. "आता गुऱ्हाळाचा वास येतोय का? हितनं उजवीकडं वळायचं." वळलो. मी डोळे गच्च मिटले होते ते उघडले, कारण दोघांचेही मिटून चालणार नव्हते.

पुढं उसाच्या ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जात होते. मी ओरडले, "ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!"

"ऐकू आला," आबा म्हणाले आणि सुरेख कडेला घेतली. "वाजत येनाऱ्याचं भ्या नसतंय. मुक्याचं वाईट."

तो मुका थोडं पुढं उभाच होता. उसानं भरलेली बैलगाडी, बैल सोडून घेतलेले, गाडीवान कुठे दिसेना. सकाळी ती तिथं नव्हती, त्यामुळे आबांच्या हिशोबात नव्हती.

"आबा, उजवीकडं घ्या!" मी किंचाळले.

"कशापाई?" आबा म्हणाले.

कारण सांगायला वेळ नव्हता. मी मागून त्यांचा दंड धरून ओढला, गाडी उजवीकडे वळली, रस्ता सोडला आणि उसाच्या पाटात आडवी झाली. किटल्यांची झाकणं उडाली. मी चिखलात बसले होते आणि माझा पांढरा ऍप्रन कुठला रंग होता ते सांगता येत नव्हतं. आबांचं कोपर खरचटलं होतं, बाकी हाडं शाबूत. पाटाच्या पाण्यात दूध पांढरं होऊन पसरत चाललं होतं.

मला हसू फुटलं. आवरेचना. मग मी पाहिलं, आबा टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून पडली होती आणि ते उजवीकडच्या चिखलात हात फिरवत होते, सावकाश, काही विशेष नाही असं दाखवत. माझं हसू गेलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. मी टोपी झटकून त्यांच्या हातात दिली.

"पोराला सांगू नको," आबा म्हणाले.

"का नको?"

"गाडी काडून घील. मंग म्या बाजंवर बसून काय करू? डेअरीवर जातो, च्या पितो, चार मानसं भेटत्यात. गाडी गेली की म्या बी गेलो."

"मग ऑपरेशन करून घ्या. साधी गोष्ट आहे. शिबिर लागतं, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात."

"आन बिगाडलं तर?" आबा चिखलाकडे तोंड करून म्हणाले. "आता उजेड तरी दिसतोय. त्यो बी गेला तर?"

मी किटल्यांची झाकणं गोळा करायला लागले. पुस्तकात यावर एक परिच्छेद आहे, तो मला पाठही होता.

आम्ही गाडी ढकलत घरी आणली. हँडल वाकलं होतं, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेली आणि काही दिवस तरी माझा जीव भांड्यात पडला. आबा मोरीवर हातपाय धुवायला गेले तेव्हा मी माईंना गाठलं. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल.

"मला काय ठावं न्हाई व्हय?" माई म्हणाल्या. "म्हशीच्या खुट्याला फडकं कुनी बांदलं? त्यांची पायतानं रोज एकाच जागी कोन ठिवतं?"

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"कसं न्यावं? म्या म्हनलं की ते म्हनत्यात, नर्सबाईनं तपासलंय, डोळं झ्याक हायती. तुमच्याच पोरी दरसाल येत्यात, तपासत्यात आन तसंच ल्हेत्यात. शिकल्याल्या पोरींनी ल्हेलेलं म्या कसं खोटं म्हनू?"

मला त्या चिखलाच्या ऍप्रनची फार लाज वाटली. दरसाल आम्ही त्या घरी जात होतो आणि दरसाल एका न दिसणाऱ्या माणसाला दिसतंय म्हणून लिहून देत होतो, वर सात मार्क घेत होतो.

रात्रीच्या एसटीनं नगरला परतले आणि दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभी राहिले.

"तक्ता कुठे आहे?"

"शेळीनं खाल्ला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नैसर्गिक आपत्तीत नष्ट झाला असं लिही."

मग मी आबांचं सांगितलं. मोपेडचा भाग गाळून, कारण त्यात मीही बसले होते. मॅडमनी कपाटातून जुन्या बॅचच्या फाइली काढल्या. प्रत्येकीत आबा होते आणि प्रत्येकीत त्यांची दृष्टी उत्तम होती. खाली मॅडमची सही.

"एवढ्या मुली चुकल्या आणि तू एकटी बरोबर?"

"मी नाही, मॅडम. मी पण उत्तमच लिहिलं होतं. शेळी बरोबर आहे."

"शेळीचं असेसमेंट मला करायचं नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्या बराच वेळ त्या सह्यांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी बाजारातून नवीन छापील तक्ता मागवते. त्याचा क्रम वेगळा असतो. पुन्हा तपास. मग बोलू."

मी आबांना जाऊन सांगितलं, नवा तक्ता येतोय. तो बरोबर वाचलात तर मी कुणाला काही सांगणार नाही. चुकलात तर शिबिराला यायचं, तक्रार करायची नाही.

"कबूल," आबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तपासणीच्या दिवशी बसमधून उतरताना माझ्या बरोबरच्या एका मुलीच्या पिशवीतून गुळाचा वास आला. दुसरी एकजण बोटं चाटत होती. मी खडसावलं तशा त्या हसायला लागल्या. आदल्या दिवशी आबांनी त्यांना गुऱ्हाळावर बोलावून ताजा गूळ खाऊ घातला होता आणि त्या बदल्यात नव्या तक्त्याचा क्रम घोकून घेतला होता. "बिचारे म्हणत होते, परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तेवढीच मदत." माझ्या वर्गमैत्रिणींनी मला गुळाच्या ढेपेसाठी विकलं होतं. मी इतकी संतापले की तोंडातून शब्द फुटेना, आणि त्यामुळेच बहुधा मला सुचलं.

आबा अंगणात बाजेवर तयार बसले होते, धुतलेलं धोतर नेसून. मी नवा तक्ता गुंडाळलेलाच काखेत धरला, ओसरीवर गेले, खिळ्यापाशी थोडी खुडबुड केली आणि काही न लावता परत आले. माई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, पण त्या बोलल्या नाहीत.

"वाचा, आबा."

"उजवीकडं," आबांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "खाली. डावीकडं. वर, वर, उजवीकडं..."

शेवटच्या ओळीपर्यंत ते गेले. बरोबर होतं सगळं. मग दुसरा डोळा, तोही बरोबर. मग त्यांनी हात मांडीवर आपटला. "काय? झालो का न्हाई पास?"

मी काखेतला गुंडाळलेला तक्ता चाचपला. आपण जिंकलो तर बरं वाटेल, असं मी घरून ठरवून आले होते.

"आबा," मी म्हटलं, "भिंतीवर काही नाही."

"काय बी न्हाई?"

"खिळा आहे."

आबांनी दाराच्या दिशेला मान वळवली. "व्हय गं?"

"व्हय," माई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "खिळा हाय नुसता."

आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. शेवग्याची पानं त्यांच्या टोपीवर पडत होती. मग म्हणाले, "फसिवलंस मला."

"तुम्ही गूळ वाटलात."

त्यांच्या नाकातून एक हसू निघालं, छोटंसं. "बरं," ते म्हणाले. "पर पोराला सांगा, गाडी इकायची न्हाई. नुसती झाकून ठिवायची."

मी पुढचं पोस्टिंग त्याच दवाखान्यात मागून घेतलं जिथं शिबिर होतं. मॅडमनी कारण विचारलं नाही. ऑपरेशनला आत नेताना आबांनी माझं मनगट धरलं.

"उजेड ऱ्हाईल न्हवं?"

खोटा धीर द्यायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी म्हटलं, "मी दारातच उभी आहे." आणि ते येईपर्यंत मी खरंच उभी राहिले, बसायला बाक असूनही. त्या वेळात मी देवाला जे जे कबूल केलं त्यातलं निम्मंही पुढे पाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. आबांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. माझ्याकडे बघितलं.

"तू कोन?"

"मीच की, आबा."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढीशीच? पाटात पडलो तवा वराडलीस, मला वाटलं चांगली दांडगी बाई आसंल." मग त्यांनी माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलींकडे बघितलं, एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. "म्हंजी तुमी समद्या निरनिराळ्या हायसा?"

"मग काय?"

"मला वाटायचं, एकच पोरगी दरसाल येतीया. म्हनलं, हिचं कसं हुनार."

आम्ही वॉर्डात इतक्या हसलो की सिस्टर रागावल्या. मी हसताहसता बाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. या वेळी रडू आल्याचा राग आला नाही.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आमची बॅच संपत आली तेव्हा शेवटची भेट द्यायला मी आबांकडे गेले. मॅडम बरोबर होत्या, फॉर्म आणि माझी वही घेऊन. आबा काळा चष्मा लावून बाजेवर बसले होते, मोपेडवरचं कापड बाजूला काढलेलं होतं. मी तक्ता काखेतून काढलाच नाही.

"वाचा, आबा."

सवयीनं त्यांचा हात डोळ्यावर गेला. तोंड उघडलं. आणि ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुढं वाकले.

"भिंतीवर काय बी न्हाई," ते म्हणाले.

"जे दिसतंय ते वाचा."

आबा सावकाश वाचू लागले. "खिळा हाय. खिळ्याखाली शेरडीनं चाटलेलं हाय. वर पाल हाय, शेपूट तुटल्याली. पत्र्यापासनं ओघळ आल्याला हाय पान्याचा." मग ते अडले. उठले, ओसरीच्या पायरीपाशी गेले. "आन ही कसली गं काळी पट्टी? हितपासनं पार मोरीपातुर गेलीया."

माई दारातच होत्या.

"तुमचा हात हाय त्यो," माई म्हणाल्या. "इतकी वर्सं भिंत धरून चालतासा, त्याचा डाग."

आबांनी आपला तळवा उलटा करून पाहिला. मग तो त्या पट्ट्यावर ठेवला आणि दारापासून मोरीपर्यंत चालत गेले, डोळे उघडे ठेवून, आणि तसेच परत आले. "मला वाटलं, कुनाला कळलं न्हाई," ते म्हणाले.

"चुना मारा आता," माई म्हणाल्या.

मॅडम माझी वही चाळत होत्या. घराच्या पाहणीच्या पानावर त्या थांबल्या. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'भिंती अस्वच्छ', आणि खाली त्यांची सही. त्यांनी वही माझ्यापुढे धरली, स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं, आणि मी ती ओळ खोडली.